मामांना न जमलेली शेगडी

मामा एकाच भाच्याचे मामा होते. पण तो भाचा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचा आणि लहानपणी "मामा आला, मामा आला" असं जिनाभर ओरडत सुटायचा. त्यामुळे चार मजल्यांनी मिळून त्यांना परस्पर मामा करून टाकलं. पुढे आजूबाजूच्या गल्ल्याही त्यात सामील झाल्या. मामांनी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याची त्यांची सगळी ताकद गिऱ्हाइकांवरच खर्च व्हायची.

मामा शेगड्या दुरुस्त करत. वर चार बर्नर, खाली ओव्हन असं ते कपाटाएवढं धूड असतं ना, ज्याला दुकानदार कुकिंग रेंज म्हणतो आणि घरी आल्यावर सगळे नुसतंच "ते" म्हणतात, ते. मामा त्याला शेगडीच म्हणत. बसथांब्यामागे त्यांचं दुकान होतं. आत एका वेळी एक माणूस आणि एक शेगडी मावायची. दोघांपैकी कोणाला आत घ्यायचं असा प्रश्न आला, तर शेगडी आत आणि माणूस फुटपाथवर.

धंद्याबद्दल मामांचं एक ठाम मत होतं. ते म्हणत, "दहा तक्रारींपैकी सात वेळा शेगडी ठणठणीत असते. बिघाड समोर उभा असतो आणि चहा घेणार का म्हणून विचारत असतो."

आणि हे ते तोंडावर सांगत. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा ओव्हन चार दिवस बंद होता. मामा आले, पिशवी खाली ठेवायच्या आतच त्यांनी विचारलं, "वीज गेली होती?"

"हो, सोमवारी गेली होती थोडा वेळ."

"नंतर घड्याळाला वेळ सांगितलीत?"

"कुठल्या घड्याळाला?"

"हे ओव्हनच्या कपाळावर लुकलुकतंय त्याला. ते वेळ लावून घेतल्याशिवाय ओव्हनला हात लावू देत नाही. बिचारं चार दिवस थांबलंय, बाई विचारतील म्हणून." दोन बटणं दाबली, ओव्हन सुरू. "तुम्ही मुलांना उभं करायचात ना वर्गाबाहेर? तसं त्याला उभं केलंयत."

मुख्याध्यापिकाबाईंना असं बोलणारा माणूस त्यांच्या उभ्या नोकरीत भेटला नव्हता. पण त्यांनी पुढच्या वेळीही मामांनाच बोलावलं. सगळेच बोलावत. मामांचे टोमणे खाल्ल्यावर शेगडी पुन्हा बिघडत नाही, असा अनुभव होता.

माझीही पाळी येऊन गेली होती. आमच्याकडे बर्नर पेटायचा आणि नॉब सोडला की विझायचा. मामा म्हणाले, "दाबून धरा आणि दहा मोजा." मी मोजले. "हे दहा? तुमचे दहा म्हणजे जगाचे चार. त्या ज्योतीशेजारी एक बारीक काडी असते. ती तापली की तिला खात्री पटते की ज्योत आहे, आणि मग ती गॅस सोडते. नाही तापली तर बंद करते. तिला खात्री पटेपर्यंत तरी थांबाल की नाही? लग्न करताना बायकोला दिला होतात ना वेळ?"

"नव्हता दिला," आतून बायको म्हणाली.

पिवळी ज्योत घेऊन कोणी आलं, की मामा आधी बर्नरची टोपी उचलून परत बसवत. "टोपी वाकडी. माणसाची चालते, बर्नरची नाही." केक एका बाजूला उतरतो म्हणून कोणी आलं, की शेगडीवर पाण्याची वाटी ठेवून दाखवत; पाणी कलायचं आणि गिऱ्हाईक ओशाळायचं. ओव्हनच्या तळाला चांदीचा कागद अंथरणाऱ्यांना ते माफ करत नसत. एका डॉक्टरांना त्यांनी सुनावलं होतं, "तुम्ही पेशंटच्या नाकावर उशी ठेवता का?"

या माणसाने आयुष्यात एकाच घरी आधी शेगडीवर संशय घेतला. ते घर तळमजल्यावरचं, त्यांच्या थोरल्या बहिणीचं.

ताई मामांहून दहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच मामांना वाढवलं. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्या कामाला होत्या. वसतिगृह बंद झालं, तेव्हा तिथली शेगडी भंगारात निघाली होती. ताईंनी ती चार हमालांच्या डोक्यावरून घरी आणली आणि परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलेल्या भावाला सांगितलं, "पुस्तक उघडून काही होत नाहीये ना? मग हे उघड." मामांनी उघडलं. तीन आठवड्यांनी ती शेगडी पेटली आणि मामांचा धंदाही तिथेच पेटला. ताई त्याच ओव्हनमध्ये केक भाजायला लागल्या. यजमान गेल्यावर त्या केकवर त्यांनी मुलगा शिकवला, त्याचं लग्न केलं, आणि सूनबाई नोकरीवरून दमून आली की तिच्यापुढे ठेवायला एक तुकडा रोज बाजूला काढला. कोपऱ्यावरचा चहावाला रोज सकाळी त्यांच्याकडून दोन ट्रे न्यायचा. त्या चहाचं तोंड गोड व्हायचं ते ताईंमुळेच, कारण तो स्वतः साखरेच्या बाबतीत फार सावध माणूस होता.

गेल्या वर्षी ताईंनी पहिल्यांदा तक्रार केली. "अरे, ओव्हन तापत नाही. केक मधे बसतोय."

दुसरी कोणी असती, तर मामांनी विचारलं असतं, मैदा किती, सोडा कधीचा, मिश्रण नीट फेटलं का, फोनवर बोलत होतात का. ताईंना त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सरळ दार उघडून गुडघ्यावर बसले. "दाराचं रबर गेलंय, ताई. वाफ बाहेर जातेय."

रबर बदललं. केक बसतच राहिला.

मग थर्मोस्टॅट बदलला. मग दाराच्या बिजागऱ्या. मग आतला बर्नर, गॅस सोडणारा जेट, भिंतीपासून येणारी नळी. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, "आता बघ," आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी ताई जिन्यात उभ्या राहून सांगायच्या, "कसलं काय! खड्डाच पडला. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या शेगड्या नीट करतोय, घरची एक होत नाही." असं करता करता चार महिन्यांत त्या शेगडीत पत्रा सोडून जुनं काही उरलं नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, आता ही तीच शेगडी आहे का, हा वादाचा मुद्दा होईल." मामा हसले नाहीत. मामा हसले नाहीत, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं.

चहावाल्याने दोनाचा एक ट्रे केला. नंतर म्हणाला, "ताई, सध्या गिऱ्हाईक कमी आहे." गिऱ्हाईक होतं तेवढंच होतं.

मग मामांनी एक नवीन यंत्र आणलं. लांब तारेचा तापमापक. तार ओव्हनच्या आत आणि आकडे बाहेर. ताई डोळे तपासायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी रिकामा ओव्हन तासभर चालवून पाहिला. आकडा एकशे ऐंशीला जाऊन असा बसला, जणू खुर्ची सापडली. दुसऱ्या दिवशी ताईंनी केक भाजताना तोच ओव्हन एकशे ऐंशी, एकशे तीस, एकशे सत्तर, एकशे पंचवीस असा उड्या मारत होता. मामांनी बाहेरच्या खोलीत बसून हे आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"रिकामा असला की सरळ चालतो. केक घातला की पडतो. असं मी आजवर बघितलं नाही."

"ओलाव्यामुळे?" मी विचारलं. शेगडीतलं मला दहा मोजण्यापलीकडे काही कळत नव्हतं, पण मामा विचारताहेत म्हटल्यावर काहीतरी सुचवणं भाग होतं.

"तोच विचार करतोय. वाफ जायची वाट कुठेतरी तुंबलीय. उद्या दुपारी या. मी आकडे सांगतो, तुम्ही लिहा. मला चष्मा लावून दोन्ही जमत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ताईंच्या स्वयंपाकघरात दोन स्टुलांवर बसलो. तापमापक मामांच्या मांडीवर, वही माझ्या. ताईंनी ट्रे आत सरकवला, दार लावलं, हात पुसले. दुपारचं ऊन खिडकीतून ओट्यावर आलं होतं. ताई छान गप्पा मारत होत्या. मुख्याध्यापिकाबाई घड्याळाला भितात, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मला एक आकडा लिहायचा राहिला.

"एकशे साठ," मामा म्हणाले. "एकशे पासष्ट. चढतंय."

"बघते जरा, रंग आला का," म्हणत ताईंनी दार उघडलं, वाकून पाहिलं, लावलं. वाफेचा भपकारा आमच्या तोंडावर आला.

"एकशे वीस," मामा म्हणाले.

ताईंनी ओटा पुसला. सुनेच्या ऑफिसातल्या साहेबाची गोष्ट सुरू केली. साहेबाच्या छत्रीपर्यंत गोष्ट आली आणि त्या वळल्या. "बघते जरा, रंग आला का." दार उघडलं, लावलं.

"ताई, सारखं उघडू नकोस गं. गरमी जाते," मामा म्हणाले.

"सारखं? आत्ता पहिल्यांदा उघडलं."

मी हसलो. मला ती थट्टा वाटली; ताईंच्या थट्टेची पद्धत अशीच होती, चेहऱ्यावरची रेष न हलवता. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ताईंकडे पाहत होते. ताईंनी पुन्हा ओटा पुसला, तोच, त्याच बाजूने. आणि सुनेच्या साहेबाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"बघते जरा, रंग आला का."

मामांनी आकडे सांगणं बंद केलं होतं. मी आपणहून रेघा मारत होतो. दार उघडलं की एक रेघ. अर्ध्या तासात नऊ झाल्या. दर खेपेला ताई तितक्याच उत्सुकतेने वाकत होत्या, जणू आतला केक त्यांनी अजून पाहिलाच नाही. शेवटी त्यांनी ट्रे बाहेर काढला. मधे खड्डा.

"बघ," त्या म्हणाल्या. "झालं तुझं समाधान?"

मामांनी माझ्या वहीतला कागद फाडून घेतला, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. "वाफेची वाट तुंबलीय, ताई," ते म्हणाले. "बघतो काय करता येतं."

जिन्यात मी विचारलं, "आता?"

"कोणाला बोलू नका. तुमच्या बायकोलासुद्धा. म्हणजे बायकोला तर नाहीच."

त्यानंतरचे दोन महिने मामांनी जी दुरुस्ती केली, ती कुठल्याही पुस्तकात नसेल. आधी त्यांनी ओव्हनमध्ये मोठा दिवा लावला आणि दाराची काच बदलून स्वच्छ, रुंद काच बसवली. दार न उघडता आतला केक असा दिसायचा, की दुकानात मांडलाय. ताई खूश झाल्या. काचेतून बघायच्या, "छान फुगतोय" म्हणायच्या आणि मग दार उघडून खात्री करून घ्यायच्या. मग मामांनी बिजागरीचा स्प्रिंग आवळला, म्हणजे दार जड होईल आणि उघडायचा कंटाळा येईल. ताई दोन्ही हातांनी, पाय लावून उघडायला लागल्या आणि दार घट्ट झाल्याची तक्रार जिनाभर पोचली. मामांनी स्प्रिंग सैल केला.

शेवटी ते स्वतःच दार झाले. रोज दुपारी दुकान बंद करून यायचे आणि ओव्हनसमोर स्टूल टाकून, दाराला पाठ लावून बसायचे. पाठ भाजायची. ताई म्हणायच्या, "सरक, बघू दे." मामा म्हणायचे, "थांब गं, मला आधी सांग, वसतिगृहातला तो रेक्टर कसा घसरून पडला होता?" जुन्या गोष्टी ताईंना अगदी काल घडल्यासारख्या आठवत. रेक्टर रोज दुपारी घसरून पडायचा. पस्तीस मिनिटं झाली की मामा उठायचे.

केक फुगायला लागले. चहावाल्याने पुन्हा दोन ट्रे सुरू केले आणि सगळ्यांना सांगत सुटला, "मामांनी शेवटी पकडलाच बिघाड!" लोक मामांना विचारायचे, काय होतं हो नेमकं? मामा म्हणायचे, "वाफेची वाट."

हे सगळं ठीक चाललं होतं, पण शेगडीला ओव्हनशिवाय वरही चार तोंडं असतात. एका दुपारी मामांना गावाबाहेर एका उपाहारगृहात जावं लागलं. ताईंनी दूध वर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडल्या. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. ज्योत विझली की गॅस बंद करणारी ती काडी ओव्हनला मामांनी बसवली होती. वरचे बर्नर इतके जुन्या बनावटीचे होते की त्यांना ती बसतच नव्हती. महिनाभर त्यांनी त्यासाठी कानस घासली होती. सूनबाईला त्या दिवशी बरं नव्हतं, म्हणून ती लवकर घरी आली. दार उघडताच तिला वास आला. तिने दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडल्या, भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद केला, सासूबाईंना उठवून बाहेर आणलं. मग पायरीवर बसून रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होत्या, "ऑफिसात कोणी बोललं का?"

संध्याकाळी भाच्याने मामांना माझ्या घरी गाठलं. आईसमोर बोलायचं नव्हतं.

"मामा, शेगडी काढा. तुम्ही काढलीत तर ती ऐकेल."

"विजेचा ओव्हन आणू," मी म्हटलं.

"विजेच्यालाही दार असतंच," मामा म्हणाले. मग भाच्याला म्हणाले, "मी रोज येईन. सकाळीही येईन. वरचे बर्नर बंद करतो, नुसता ओव्हन ठेवू."

"आणि तुम्ही पडलात आजारी एक दिवस? तुमचं वय काय, मामा?" भाच्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आज तिला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, हे कमी होत जाणारं दुखणं नाही. आणि गॅस आधी बंद करा म्हणाले. मी तरी काय करू? मी तिला डॉक्टरकडे नेतो, तर ती म्हणते मी बरी आहे, ओव्हन बिघडलाय. तुमच्याकडे आलो, तर तुम्ही म्हणता ओव्हन बरा आहे. मी कोणाचं औषध आणू?"

मामांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी तीनदा बशीत ठेवला आणि तीनदा उचलला. मग म्हणाले, "रविवारी काढतो."

रविवारी आम्ही चौघं त्या स्वयंपाकघरात उभे होतो. मामा, भाचा, सूनबाई आणि मी, शेगडी सरकवायला म्हणून. मामांनी पान्याची पिशवी खाली ठेवली. ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या, पदर खोचलेला, मैदा चाळून तयार.

"काय रे, इतकी माणसं कशाला? प्रेत उचलायचंय का?"

कोणी हसलं नाही. ताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सुनेच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ. मग त्या मामांकडे वळल्या.

"तू सगळ्या गावाला तोंडावर सांगतोस. मुख्याध्यापिकेला सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस. मला सांग. बिघाड शेगडीत आहे का माझ्यात?"

मला वाटतं, त्या एका मिनिटात त्यांना सगळं ठाऊक होतं. निदान तसं दिसत होतं. भाचा खिडकीबाहेर बघायला लागला. मामा पिशवीची गाठ सोडत होते. ती गाठ नव्हतीच, नुसती दोरी होती.

"शेगडीत," मामा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. जुनी झालीय. मी सगळं करून बघितलं, ताई. मला नाही जमत."

ताईंनी श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि मग त्या मामांवर जी तुटून पडल्या! "नाही जमत म्हणतो वर तोंड करून! पन्नास वर्षं काय भाजलंस मग? लोकांना अक्कल शिकवत फिरतोस, आणि बहिणीची एक शेगडी..." मामा मान खाली घालून भिंतीजवळ बसले, कॉक बंद केला, नळी काढली, पितळी बूच लावून पान्याने आवळलं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. ताईंचं बोलणं डोक्यावरून चालूच होतं. सूनबाई पुढे होऊन काही बोलणार होती. मामांनी बसल्या जागेवरून हात हलवून तिला थांबवलं.

शेगडी जागेवरच राहिली, नुसती गॅसविना. वाटलं, संपलं. पण ताईंना पटलं होतं की बिघाड शेगडीत आहे, मग त्या गप्प कशाला बसतील? बुधवारी त्यांनी शेजारच्या पोराकडून फोन लावून घेतला आणि मोठ्या रस्त्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. हा मामांचा जुना वैरी. मामा त्याला "स्क्रू हरवणारा" म्हणत, आणि तो मामांना "तोंडाळ" म्हणत असे. दोघांचंही म्हणणं खरं होतं. मला खिडकीतून तो येताना दिसला, म्हणून मी मामांना फोन केला. मामा दुकान उघडं टाकून, धापा टाकत आले आणि जिन्याच्या तोंडाशी त्याला अडवलं.

"आत नळी काढलेली दिसेल," मामा म्हणाले. "जोडायची नाही."

"का? पैसे तुम्ही देणार?"

"शेगडीत काही नाहीये रे. सगळं नवीन आहे. मीच घातलंय."

"मग?"

सगळ्यांना फाडफाड सुनावणारा माणूस, त्या स्क्रू हरवणाऱ्यासमोर नुसता ओठ हलवत उभा. शेवटी त्यांनी खिशातून तो चार घड्यांचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने आकडे पाहिले, माझ्या नऊ रेघा पाहिल्या. धंद्यातलाच माणूस, रेघा कसल्या ते त्याला विचारावं लागलं नाही. कागद परत देत तो हळूच म्हणाला, "माझ्या आईचं असंच..." आणि आत गेला.

आत त्याने शेगडी उघडली, दिवा मारला, दहा मिनिटं खाटखूट केली. मग म्हणाला, "ताई, यात काही राम नाही. कोणाकडूनच नाही नीट व्हायची."

"बघ," ताई मामांना म्हणाल्या. "हा निदान आल्या आल्या सांगतो. तू चार महिने झुलवलंस."

त्यानंतर गावातले आणखी दोन मेकॅनिक येऊन गेले. पहिल्याने बाकीच्यांना सांगून ठेवलं असावं. कारण दोघांनीही शेगडी उघडली, माना हलवल्या आणि पैसे न घेता गेले. इकडे बातमी मात्र उलटी पसरली. मामांचा हात गेला. बहिणीची शेगडी चार महिने उघडून बसला आणि शेवटी भंगार करून ठेवली. चहावाला सांगतो, मुख्याध्यापिकाबाई सांगतात. परवा आमचा एक बर्नर पिवळा जळायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "मामांना नको हं बोलावू. वय झालं त्यांचं आता." मी गप्प बसलो. कबूल केलं होतं ना. टोपी उचलून नीट बसवली, ज्योत निळी झाली. बायकोने कौतुकाने पाहिलं, आणि मला ते कौतुक घेववेना.

दुकानासमोर हल्ली एखादीच शेगडी दिसते. मामांना त्याबद्दल विचारलं, की म्हणतात, "बरं आहे, दुपारी वेळ मिळतो."

कारण दुपारी ते ताईंकडे असतात. ताई बोलावतात. रोज. आदल्या दिवशी बोलावलं होतं, हे त्यांना आठवत नाही. शेगडी बिघडली आहे, एवढं पक्कं आठवतं. काल मी डोकावलो, तेव्हा मामा जमिनीवर बसले होते. पुढे वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर जेट, टोप्या, नॉब, स्क्रू ओळीने मांडलेले. ताई मागे वाकून उभ्या, हातात बॅटरी. बॅटरीचा उजेड रिकाम्या ओव्हनमध्ये इकडून तिकडे फिरत होता.

"दिसलं का काही?" ताईंनी विचारलं.

"नाही अजून."

"नीट बघ. घाई करू नकोस. मी धरलीय बॅटरी."

"हो, ताई," मामा म्हणाले आणि त्यांनी डोकं आत घातलं.